काळं काळंच दिसावं म्हणून

पडद्यावर रात्रीचं दृश्य होतं. अंधार दिसायला हवा होता, दिसत होतं राखाडी धुकं. पुढच्या दृश्यात लख्ख ऊन आलं. अर्धा सेकंद चित्र सुरेख उभं राहिलं आणि मग तिरकं फाटत गेलं, चौकटीत फक्त पट्ट्या उरल्या. परत अंधारं दृश्य आलं की चित्र जुळायचं, पण पुन्हा तेच धुकं. ४०५ रेषांच्या जुन्या टीव्ही संचासाठी मी घरी बांधलेल्या कन्व्हर्टरने दाखवलेलं हे पहिलं चित्र. चित्र आलं याचाच आनंद इतका होता की पहिले दोन दिवस मी त्या धुक्याकडे लक्षच दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र ते खुपायला लागलं. पुढचे कित्येक आठवडे मी एकाच प्रश्नामागे होतो: काळी पातळी, म्हणजे सिग्नलमधलं काळ्याचं व्होल्टेज, नेमकी कुठे सुटते?

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ब्रिटनमध्ये बीबीसीने नोव्हेंबर १९३६ मध्ये अलेक्झांड्रा पॅलेसवरून नियमित प्रक्षेपण सुरू केलं. त्यातली ४०५ रेषांची पद्धत पुढे जानेवारी १९८५ पर्यंत चालली. माझा संच १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातला, व्हॉल्व्हवर चालणारा, १४ इंची. त्याला समजेल असा सिग्नल आता हवेत कुठेच नाही. तेव्हा आजच्या व्हिडिओ प्लेअरमधून येणारा ६२५ रेषांचा सिग्नल घ्यायचा, त्याच्या ४०५ रेषा करायच्या आणि ४५ मेगाहर्ट्झच्या कॅरिअरवर (चित्र वाहून नेणाऱ्या रेडिओ लहरीवर) चढवून संचाच्या अँटेनाच्या सॉकेटमध्ये द्यायचा, एवढंच काम कन्व्हर्टरचं.

हे घरी करता येतं याचं कारण दोन्ही पद्धतींत सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे एकाआड एक रेषांच्या अर्ध्या चौकटी, असतात. त्यामुळे अख्खी चौकट साठवावी लागत नाही, काही रेषांपुरती मेमरी पुरते. ६२५ च्या रेषांची वारंवारता १५,६२५ हर्ट्झ आणि ४०५ ची १०,१२५. दोन्हींचं गुणोत्तर बरोबर १२५ ला ८१. मी २०.२५ मेगाहर्ट्झचं क्लॉक घेतलं, कारण त्याचे ६२५ च्या एका रेषेत नेमके १२९६ ठोके बसतात आणि ४०५ च्या एका रेषेत नेमके २०००. हे जुळलं तेव्हा मला जो आनंद झाला तो अजून आठवतो. ते क्लॉक येणाऱ्या सिग्नलशी बांधलेलं, मधे एक एफपीजीए (हवं ते सर्किट आत रचता येणारी चिप), आत येताना सिग्नलचे आकडे करणारा ८ बिटचा एडीसी, बाहेर जाताना आकड्यांचं पुन्हा व्होल्टेज करणारा रेझिस्टरच्या शिडीचा डीएसी आणि शेवटी सिग्नल कॅरिअरवर चढवणारा एमसी१४९६ या आयसीचा मॉड्युलेटर. गणिताचा, म्हणजे शेजारच्या रेषांतून नवी रेष तयार करण्याचा भाग अवघड जाईल असं वाटलं होतं. तो एका आठवड्यात उरकला. वेळ खाल्ला तो काळ्या रंगाने.

काळी पातळी सुटते म्हणजे काय, ते आकड्यांत सांगतो. ६२५ चा सिग्नल एक व्होल्टचा. त्यातले ०.३ व्होल्ट सिंकचे, म्हणजे रेष कुठे सुरू होते ते संचाला सांगणाऱ्या खुणेचे, काळ्याच्या खाली. वरचे ०.७ व्होल्ट चित्राचे. तळ ठरलेला असेल तर सगळं ठीक. पण वाटेत कपॅसिटर आला की तो डीसी, म्हणजे स्थिर व्होल्टेज, अडवतो, आणि पलीकडे सिग्नल स्वतःच्या सरासरीभोवती तरंगायला लागतो. पूर्ण काळ्या चित्राची सरासरी काळ्या पातळीच्या जेमतेम २० मिलिव्होल्ट खाली असते. पूर्ण पांढऱ्या चित्राची सरासरी तिच्या अर्धा व्होल्ट वर जाते. म्हणजे चित्र काळ्याचं पांढरं झालं की काळ्याची पातळी अर्धा व्होल्ट खाली सरकते. ज्या सिग्नलमध्ये चित्राला एकूण जागाच ०.७ व्होल्ट, तिथे अर्धा व्होल्ट! ही सरकलेली पातळी प्रत्येक रेषेत पुन्हा ठरलेल्या व्होल्टेजला आणून बसवायची, याला क्लँप करणं म्हणतात.

माझ्या पहिल्या सर्किटमध्ये एडीसीच्या आधी साधा डायोडचा क्लँप होता. एक कपॅसिटर, एक डायोड, एक मोठा रेझिस्टर. सिग्नलचा सगळ्यात खालचा भाग, म्हणजे सिंकचं टोक, डायोडमुळे एका पातळीच्या खाली जाऊ शकत नाही. जुन्या संचांतही हाच उपाय सर्रास वापरलेला दिसतो. स्वस्त आहे आणि बऱ्यापैकी चालतोही. पण तो धरतो सिंकचं टोक, आणि आपल्याला हवं असतं काळं. सिंकची उंची बरोबर ०.३ व्होल्ट असेल तर दोन्ही एकच. माझ्याकडच्या एका प्लेअरचं सिंक ०.३ होतं, दुसऱ्याचं मोजलं तर ०.२५ भरलं. प्लेअर बदलला की काळं ५० मिलिव्होल्टने हलायचं, म्हणजे चित्राच्या ०.७ व्होल्टच्या सात टक्के. शिवाय सिलिकॉन डायोडचं व्होल्टेज तापमानाच्या दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने उतरतं. डब्याचं झाकण लावून तासभर चालवलं की चित्राचा सूर बदललेला असायचा.

म्हणून ठरवलं, काळं जिथे खरोखर असतं तिथेच धरायचं. सिंक पल्स संपल्यावर आणि चित्र सुरू होण्याआधी एक सपाट तुकडा असतो, त्याला बॅक पोर्च म्हणतात. ६२५ मध्ये सिंक ४.७ मायक्रोसेकंदांचं आणि त्यानंतरचा हा तुकडा साधारण ५.८ मायक्रोसेकंदांचा. या तुकड्यात एक इलेक्ट्रॉनिक स्विच क्षणभर मिटवायचा आणि कपॅसिटरची पलीकडची बाजू ठरलेल्या व्होल्टेजला जोडायची. स्विच उघडला की पुढची रेष त्या पातळीवरून सुरू होते. मी ७४एचसी४०६६ चा स्विच घेतला, १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि पुढे बफर म्हणून एक एनपीएन ट्रान्झिस्टर, एमिटर फॉलोअर जोडणीत.

चित्र लावलं. डावीकडे ठीक, उजवीकडे अंधारलेलं. जणू काचेवर डावीकडून उजवीकडे कुणी पातळ शाई ओढली आहे. स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप) लावला, वेळेची पट्टी ताणली आणि एका काळ्या रेषेकडे बघत बसलो. बॅक पोर्चवर पातळी बरोबर, पण तिथून ती सरळ जात नव्हती, उतारावरून जावी तशी खाली जात होती. रेषेच्या शेवटी घसरण ३० मिलिव्होल्टच्या आसपास. कारण हिशेबातच होतं. ट्रान्झिस्टरचा बेस पाच मायक्रोअँपियर ओढत होता. १० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून ६४ मायक्रोसेकंद पाच मायक्रोअँपियर काढले की व्होल्टेज ३२ मिलिव्होल्टने उतरतं. हिशेब आणि स्कोप इतके जुळले की मी तो आकडा वहीत लिहून त्याभोवती चौकट काढली.

सोपा उपाय दिसत होता: कपॅसिटर दहापट मोठा करायचा. १०० नॅनोफॅरडला उतार ३.२ मिलिव्होल्टवर येतो, डोळ्यांना दिसणार नाही इतका. पण तेव्हाच दुसरा त्रास लक्षात आला होता, आणि तो या उपायात गुंतलेला होता.

जुन्या टेपवरून चित्र लावलं की त्यावर आडव्या ओरखड्यांसारख्या रेषा दिसायच्या. एक रेष थोडी उजळ, तिच्या खालची थोडी काळपट, प्रत्येक फील्डला वेगळ्या. टेपच्या सिग्नलमध्ये खरखर असतेच, पण ती साखरेच्या दाण्यांसारखी विखुरलेली असते, अशी अख्ख्या रेषेची नसते. होत काय होतं, तर माझा क्लँप फार तत्पर होता. १० नॅनोफॅरड आणि स्विचचे ७० ओहम मिळून कालांक, म्हणजे पातळी जुळायला लागणाऱ्या वेळेचं माप, ०.७ मायक्रोसेकंद. दोन मायक्रोसेकंदांची पल्स मिळाली की तो त्या क्षणी बॅक पोर्चवर जे असेल ते, खरखरीसकट, पूर्ण स्वीकारायचा. मग त्या क्षणाची चूक पुढच्या अख्ख्या रेषेला चिकटायची. बिंदूएवढी खरखर क्लँपमुळे रेषेएवढी होत होती.

यावर उपाय म्हणजे क्लँपला मुद्दाम मंद करायचं. स्विचच्या ओळीत ३३० ओहमचा रेझिस्टर घातला, कपॅसिटर १०० नॅनोफॅरड केला. आता एकूण ४०० ओहम, कालांक ४० मायक्रोसेकंद. दर रेषेला दोनच मायक्रोसेकंद मिळत असल्याने चूक दर रेषेला विसाव्या भागाने सुधारते. वीसेक रेषांची सरासरी घेतल्यासारखं होतं, आणि एखाद्या रेषेच्या खरखरीला फारसं वजन राहत नाही. ओरखडे गेले.

पण मंद क्लँपची एक किंमत असते आणि ती मी आधी मोजली नव्हती. दर रेषेला बेसचा करंट ३.२ मिलिव्होल्ट खातो. क्लँप दर रेषेला चुकीचा फक्त विसावा भाग भरून काढतो. म्हणजे तोल सांभाळायला चूक ३.२ च्या वीसपट, ६४ मिलिव्होल्ट व्हावी लागते. काळं तेवढं खाली जाऊन स्थिरावलं होतं. प्रीसेट, म्हणजे पेचकसाने फिरवायचा रेझिस्टर, फिरवून ते वर आणता येतं आणि मी तसं केलंही. पण ट्रान्झिस्टर तापला की त्याचा बेस करंट बदलतो, आणि मी डायोडपाशी जिथून निघालो होतो तिथेच परत. शेवटी ट्रान्झिस्टर काढून जेएफईटी इनपुटचा ऑप-अँप बसवला. तो इनपुटला जवळपास काहीच ओढत नाही. उतार गेला, ६४ मिलिव्होल्टही गेले. घरी क्लँप बांधणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन: कपॅसिटरची किंमत ठरवण्याआधी पुढच्या पायरीचा इनपुट करंट बघा.

आता पल्सच्या जागेविषयी. सगळ्यात जास्त शिकलो ते इथे.

मी सिंक वेगळं करून त्याच्या पुढच्या कडेवर, म्हणजे सिंक सुरू होतं त्या क्षणी, एक मोनोस्टेबल (ठरलेल्या वेळेची एकच पल्स देणारं सर्किट) सुरू करत होतो. तो सिंक ओलांडेपर्यंत थांबायचा, मग दुसरा मोनोस्टेबल क्लँपची पल्स द्यायचा. साध्या रेषांवर हे अगदी नेमकं चालत होतं. पण अंधाऱ्या दृश्यात पडद्याचा वरचा भाग राखाडी दिसायचा आणि खाली येता येता काळा व्हायचा. हा दोष दर फील्डला होतो आहे हे कळत होतं, म्हणून फील्ड सिंकपाशी, म्हणजे नव्या फील्डची खूण असते तिथे, स्कोप नेला. तिथे रेषेचं सिंक छोटं नसतं. अर्ध्या अर्ध्या रेषेच्या पाच रुंद पल्स असतात, प्रत्येकी सुमारे २७ मायक्रोसेकंद खाली राहणारी. पुढच्या कडेपासून मोजून दिलेली माझी क्लँपची पल्स थेट त्या रुंद पल्सच्या पोटात पडत होती. क्लँपला वाटत होतं हेच काळं, आणि तो सिंकच्या तळाला काळ्याच्या जागी ओढत होता. पाच वेळा असं झालं की पातळी साठ-पासष्ट मिलिव्होल्टने वर गेलेली असायची. चित्र सुरू होईपर्यंत त्यातलं बरंचसं निवळायचं, तरी वीसेक मिलिव्होल्ट उरायचे, आणि अंधाऱ्या चित्रात तेवढंही डोळ्यांत भरतं. स्विच स्कोपच्या एका चॅनेलवर, सिग्नल दुसऱ्यावर, आणि ती छोटी पल्स त्या खड्ड्याच्या मधोमध बसलेली पाहिली तेव्हा बाकी काही सांगायची गरजच उरली नाही.

मागच्या कडेवरून, म्हणजे सिंक संपतं त्या क्षणापासून मोजलं की हा प्रश्न सुटतो. रुंद पल्स संपल्यावर पुढची सुरू होईपर्यंत ४.७ मायक्रोसेकंदांची फट असते आणि त्या फटीत सिग्नल काळ्यावर असतो. क्लँपची पल्स तेवढ्यात उरकली की झालं. एलएम१८८१ हा सिंक वेगळं करणारा आयसी हेच करतो. त्याची बॅक पोर्चची पल्स सिंकच्या मागच्या कडेपासून सुरू होते. मी माझं घरगुती सर्किट काढून तो बसवला.

पण इथे रंग आडवा आला. आजचा सिग्नल रंगीत असतो, आणि बॅक पोर्चवरच रंगाचा बर्स्ट, म्हणजे रंग ओळखायला लागणारी छोटी लहर, बसलेला असतो. ४.४३ मेगाहर्ट्झची साधारण दहा आवर्तनं, सिंकच्या मागच्या कडेनंतर ०.९ मायक्रोसेकंदाने सुरू होऊन सव्वादोन मायक्रोसेकंद चालणारी. स्विच बर्स्टवर मिटला की कपॅसिटरमध्ये त्याचा थोडा अंश अडकतो. पल्स पूर्ण आवर्तनांवर संपत नाही आणि बर्स्टची फेज (लहर आवर्तनात कुठे आहे ते) दर रेषेला बदलते, त्यामुळे अडकलेला अंश दर रेषेला वेगळा. क्लँप तत्पर होता तेव्हा ही चूक हिशेबाने आठेक मिलिव्होल्ट येत होती. चित्रात एक फिकट नक्षी सतत वर सरकत राहायची. सपाट राखाडी आकाशात ती विशेष दिसायची.

मनात आलं, बर्स्ट संपल्यावर क्लँप करावं. बर्स्ट संपल्यापासून चित्र सुरू होईपर्यंत अडीचेक मायक्रोसेकंद मिळतात, तेवढे पुरे. पण मग पल्स मागच्या कडेनंतर सव्वातीन मायक्रोसेकंदांनी सुरू होऊन सव्वापाचला संपणार. फील्ड सिंकमधली फट तर ४.७ चीच! म्हणजे पल्सचं शेपूट पुढच्या रुंद पल्समध्ये पडणार आणि आत्ताच घालवलेला दोष दुसऱ्या दाराने आत येणार. दोन्ही अटी एकत्र पाळायच्या तर एकच मार्ग होता: बर्स्टच आधी काढून टाकायचा. माझा संच कृष्णधवल, त्याला रंगाचं कामच नाही. क्लँपच्या आधी ४.४३ मेगाहर्ट्झचा एलसी ट्रॅप, म्हणजे तेवढीच वारंवारता अडवणारी कॉइल-कपॅसिटरची जोडी, घातला. स्कोपवर बर्स्टच्या जागी एक हलकी लहर उरली, बाकी बॅक पोर्च सपाट. संचाला तसाही तीन मेगाहर्ट्झपर्यंतचाच तपशील दाखवता येतो, त्यामुळे ट्रॅपने चित्राचं काही बिघडलं नाही. उलट कपड्यांच्या कडांवर दिसणारी ठिपक्यांची रांगही गेली.

ट्रॅपमुळे सिग्नल किंचित मागे पडतो, आणि सिंक मात्र मी ट्रॅपच्या आधीच्या सिग्नलवरून घेत होतो. म्हणून पल्स मागच्या कडेनंतर एक मायक्रोसेकंद थांबून सुरू केली, तीनला संपवली. दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहिली.

एवढं करून मी पुन्हा तेच रात्रीचं दृश्य लावलं. धुकं होतं तिथेच. ऊन आलं, अर्धा सेकंद थांबलं, फाटलं.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसं झालं होतं. आत येणाऱ्या बाजूला मी जे जे केलं ते आवश्यकच होतं, त्याने प्लेअरमधला फरक गेला, ओरखडे गेले, वरचा राखाडी पट्टा गेला. पण पहिल्या दिवशी पाहिलेल्या दोन्ही तक्रारींचं मूळ तिथे नव्हतं. ते शोधायला मी शेवटी चाचणीचा सिग्नल बनवला: काळं चित्र आणि मधे पांढरा चौकोन. चौकोन लहान-मोठा करता येणारा. सर्किटच्या प्रत्येक टप्प्यावर स्कोप ठेवायचा, चौकोन वाढवायचा आणि काळं हलतं का बघायचं. ही चाचणी पहिल्याच दिवशी करायला हवी होती असं मला अगदी मनापासून वाटतं. ती दहा मिनिटांत होते.

एक सावधगिरी मात्र इथे सांगतो. पहिल्या फेरीत मला सगळीकडेच काळं हलताना दिसलं, थेट प्लेअरच्या आउटपुटवरसुद्धा. स्कोपचं इनपुट एसीवर होतं. स्कोपच्या आतच कपॅसिटर होता आणि त्याच्यामागून सिग्नल तरंगत होता. डीसीवर टाकल्यावर प्लेअर स्थिर, ट्रॅपनंतरचा क्लँप स्थिर, एडीसीचे आकडे स्थिर, डीएसीचं आउटपुट स्थिर. त्यापुढे मॉड्युलेटरचं इनपुट. तिथे चौकोन वाढवला आणि सगळा सिग्नल हळूहळू खाली उतरत गेला, अर्ध्या सेकंदात.

तो अर्धा सेकंद मी पहिल्या दिवसापासून पडद्यावर बघत होतो. डीएसी आणि मॉड्युलेटर यांच्यामध्ये मीच ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला होता, पुढे एक किलो-ओहम. गुणाकार केला तर बरोबर ०.४७ सेकंद. दोन्हींचे डीसी व्होल्टेज वेगळे होते म्हणून जोडणी सोपी व्हावी एवढ्यासाठी घातलेला कपॅसिटर.

चित्र फाटायचं कारण मात्र जवळून बघण्यासारखं होतं. ४०५ च्या पद्धतीत मॉड्युलेशन धन असतं: पांढऱ्याला कॅरिअर पूर्ण, काळ्याला ३० टक्के आणि सिंकच्या टोकाला शून्य. एमसी१४९६ हा संतुलित मॉड्युलेटर आहे. त्याच्या इनपुटचं व्होल्टेज शून्याला आलं की कॅरिअर शून्य, आणि शून्याच्या खाली गेलं की कॅरिअर पुन्हा वाढायला लागतो, फक्त त्याची फेज उलटी होते. संचातला डिटेक्टर फेज बघत नाही, त्याला फक्त कॅरिअरची उंची कळते. उजळ दृश्यात सिग्नल खाली सरकला की सिंकचं टोक शून्य ओलांडून पलीकडे जायचं. स्कोपवर ४५ मेगाहर्ट्झचा कॅरिअर रेषेच्या गतीने लावला आणि पाहिलं: जिथे सिंकची सपाट दरी असायला हवी तिथे दोन्ही कडांना दोन बारीक चिमटे आणि त्यांच्या मधे कॅरिअरचा एक गुबगुबीत उंचवटा. सिंक दुमडून वर आलं होतं. अशा सिंकवर रेषा जुळवणं कोणत्याच संचाला जमलं नसतं. आणि अंधाऱ्या दृश्यात उलट व्हायचं, सगळं वर सरकायचं आणि काळ्याला ३० टक्क्यांऐवजी कितीतरी जास्त कॅरिअर मिळायचा. म्हणून धुकं.

इथे दुसरा क्लँप बांधता आला असता. एफपीजीए सिंक स्वतःच तयार करतो, तेव्हा त्याच्याच एका पिनवरून हवी तिथे क्लँपची पल्स मिळाली असती आणि ४०५ च्या फील्ड सिंकमधल्या ४० मायक्रोसेकंदांच्या आठ रुंद पल्सच्या वेळी ती बंदही ठेवता आली असती. मी तसं कागदावर काढलंही. मग वाटलं, डीएसीमध्ये काळं आकड्याने पक्कं ठरलेलं आहे. ते आपणच कपॅसिटर घालून सैल करायचं आणि पुन्हा क्लँप करून बांधायचं, हे कशासाठी? कपॅसिटर काढला. एका ऑप-अँपने पातळी सरकवून डीएसी थेट मॉड्युलेटरला जोडला. एक प्रीसेट दिला सिंकच्या टोकाला कॅरिअर शून्याच्या जरासा वर ठेवण्यासाठी. पूर्ण शून्यावर ठेवलं तर थोड्या तापमानबदलाने पुन्हा दुमडायची भीती, म्हणून दोन-तीन टक्के राखून ठेवले.

ऊन आलं आणि टिकलं. मी तेच दृश्य सात-आठ वेळा मागे नेऊन पाहिलं.

नंतर आतल्या बाजूला एक भर घातली. एफपीजीएमध्ये प्रत्येक रेषेच्या बॅक पोर्चवरचे ३२ नमुने बेरजेत घेतो, १६ रेषांची सरासरी काढतो आणि काळं त्याच्यासाठी ठरवलेल्या १६ या आकड्यापासून जेवढं हललं असेल तेवढं वजा करतो. माझ्या मांडणीत एक आकडा म्हणजे सुमारे ३.२ मिलिव्होल्ट. अॅनालॉग क्लँप ढोबळ काम करतो, राहिलेले एक-दोन आकडे हे गणित सांभाळतं. केवळ गणितावर भागवू नये मात्र. एडीसीच्या पट्ट्याबाहेर गेलेलं चित्र कोणत्याही वजाबाकीने परत येत नाही.

एवढं झाल्यावरही पडद्यावर काळं अजून थोडं हलत होतं. मोठा पांढरा चौकोन असताना भोवतालचं काळं गडद, चौकोन लहान केला की किंचित उजळ. मॉड्युलेटरच्या आउटपुटवर कॅरिअर तपासला. काळ्याला ३० टक्के, तसूभर हलत नव्हता. म्हणजे आता शोध संचातच करायचा होता.

आकृती काढून बसलो. धन मॉड्युलेशनमध्ये सिंकला कॅरिअर शून्य असतो, त्यामुळे सिग्नल किती जोरात येतो हे सिंकवरून मोजता येत नाही. बॅक पोर्चवर मोजायचं तर जास्तीची सर्किटं लागतात. म्हणून त्या काळच्या पुष्कळ संचांमध्ये चित्राच्या सरासरीवरूनच आपोआप गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) ठरवत. चित्र अंधारं झालं की सरासरी उतरते, संचाला वाटतं सिग्नल क्षीण झाला, तो गेन वाढवतो आणि काळंही वर उचललं जातं. माझ्या संचात नेमकं हेच होतं. त्या काळी हजारो घरांत लोकांनी असंच चित्र पाहिलं असणार. ही त्या संचाची मूळ घडण आहे, ती बदलण्यात मला रस नाही. मी कॉन्ट्रास्ट थोडा उतरवला, ब्राइटनेस अंधाऱ्या दृश्यावर लावला आणि संचाला हात लावला नाही.

हात लावण्याचा विषय निघालाच आहे तर, असे संच उघडणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. त्या काळच्या पुष्कळ संचांचं चॅसिस थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेलं असतं. प्लग कसा लागला यावर ते जिवंत आहे की नाही हे ठरतं. स्कोपची जमिनीची तार अशा चॅसिसला लावणं जिवावर बेतू शकतं. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय मी संच उघडा चालवत नाही, आणि अँटेना सॉकेटमधले विलग करणारे कपॅसिटर नवीन, सुरक्षा दर्जाचे घातल्यावरच कन्व्हर्टर जोडला.

कन्व्हर्टर आता पत्र्याच्या डब्यात गेला आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे, पुढे कधी उघडायची वेळ आली तर शोधाशोध नको म्हणून. त्यावर लिहिलं आहे: क्लँपची पल्स सिंकच्या मागच्या कडेनंतर १ ते ३ मायक्रोसेकंद. कपॅसिटर १०० नॅनोफॅरड, ओळीत ३३० ओहम. एडीसीत काळं १६. काळ्याला कॅरिअर ३० टक्के, सिंकला २ ते ३. डीएसीनंतर कपॅसिटर घालू नये. आणि सगळ्यात खाली, जाड अक्षरात: स्कोप डीसीवर आहे ना, ते आधी बघणे.